म्हाताऱ्या सशाला पुन्हा पुन्हा होणारं गळू: घरची काळजी, पायरीपायरीने

सशाच्या जबड्याखाली गाठ येते, डॉक्टर ती चिरून पू काढतात, आठवड्याभरात वरची कातडी मिटते आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. थोडे दिवस जातात, आणि हनुवटीखालून बोट फिरवताना त्याच जागी तीच टणक गोळी पुन्हा हाताला लागते. मग दुसरं औषध, दुसरी चीर, दुसरे डॉक्टर. तरुण सशाने एकवेळ हा फेरा सहन केला असता. पाच-सहा वर्षांपुढच्या सशाला तो झेपत नाही.

यात बऱ्याचदा चुकतो तो कामांचा क्रम, म्हणून एक गोष्ट आधी समजून घ्या. कुत्र्या-मांजरांच्या गळवातला पू पातळ असतो, चीर दिली की वाहून जातो. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो. तो आपोआप वाहत नाही, नळी घालून ठेवली तरी तुंबतो. शिवाय त्याच्याभोवती शरीर एक जाड पिशवी तयार करतं आणि रक्तातून येणारं औषध त्या पिशवीच्या आत पुरेसं पोचत नाही. पिशवीचा तुकडा आत राहिला, मुळाशी असलेली सडकी दाढ तशीच राहिली किंवा भोक वरून लवकर मिटलं, की गळू परत येतं.

तेव्हा पोकळी तळापासून भरत यायला हवी, तोवर तिचं तोंड उघडं राहायला हवं, आणि या सगळ्या काळात ससा खात राहायला हवा. पुढच्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

## पायरी 1: गळवाचं मूळ शोधा

गाठ कुठे आहे यावरून बराच अंदाज येतो. खालच्या जबड्यावर किंवा गालावर असेल तर दाढेच्या मुळावर पहिला संशय घ्यायचा. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. वयाबरोबर त्यांची झीज बिघडली की मुळं उलट दिशेने हाडात घुसतात आणि तिथे पू धरतो. एक डोळा पुढे आलेला दिसत असेल तर गळू डोळ्यामागे असू शकतं. कानाच्या बुडाशी गाठ असेल तर कानाच्या आतून सुरुवात झालेली असते. मागच्या टाचेवरचं गळू बहुतेक वेळा बसून बसून झालेल्या जखमेतून होतं. पाठीवर किंवा कुशीवर असेल तर जुना चावा, किंवा आत राहिलेलं कुसळ किंवा काडी.

दाताचा त्रास ससा सांगत नाही, पण खाताना दिसतो. त्याच्यासमोर वाळलेल्या गवताची मूठ ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. तो उत्साहाने काडी उचलतो, दोन-तीनदा चावतो, मान एका बाजूला कलती करतो आणि काडी तोंडातून खाली टाकतो. मग दुसरी उचलतो, तीही टाकतो. दुरून बघणाऱ्याला वाटतं ससा गवत खातोय. प्रत्यक्षात पोटात काहीच जात नाही. असं दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यात भेदरलेला ससा काही खाऊन दाखवणार नाही.

डोक्याजवळचं गळू असेल तर कवटीचे वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे, आणि सोय असेल तर सीटी स्कॅन, हे चिरण्याआधी व्हायला हवं. तोंडात डोकावून दाढांचा फक्त वरचा भाग दिसतो.

सावधान: गाठ घरी पिळू किंवा टोचू नका. पिशवी आतल्या बाजूला फुटली तर पू आजूबाजूला पसरतो. गरम पाण्याचा शेक देऊन ती पिकवायचा उपायही सशाला लागू पडत नाही.

## पायरी 2: ऑपरेशनआधी डॉक्टरांशी बोला

शक्यतो सशांवर नेहमी उपचार करणारे डॉक्टर निवडा. पहिल्या भेटीतच हे प्रश्न विचारा, संकोच करू नका:

- पिशवीसकट गळू काढता येईल का? येत नसेल तर कडा कातडीला शिवून तोंड उघडं ठेवणार का?
- दाढ किंवा हाड खराब असेल तर तेही त्याच वेळी काढणार का?
- कल्चरसाठी (कोणते जंतू आहेत ते ओळखण्याच्या तपासणीसाठी) नमुना कुठून घेणार? मधल्या पुवात पुष्कळदा जिवंत जंतू सापडत नाहीत, तेव्हा पिशवीच्या भिंतीचा तुकडा पाठवायला सांगा.
- वय बघता आधी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत कसं आहे ते पाहणार का?
- छातीचा एक्स-रे काढणार का? म्हाताऱ्या सशाच्या फुफ्फुसातही गळू असू शकतं, आणि ते भूल देण्याआधी कळलेलं बरं.

सावधान: ऑपरेशनआधी सशाला रात्रभर उपाशी ठेवू नका. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरांचा नियम त्याला लागत नाही. उपाशी राहिल्याने उलट त्याचं आतडं थांबतं. दवाखान्यातल्या कोणी सवयीने "रात्री बारानंतर काही देऊ नका" म्हणालं, तर ससा आहे याची आठवण करून द्या आणि डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. त्याचं रोजचं गवत आणि पाला सोबत न्या, म्हणजे शुद्धीवर येताच ओळखीचं अन्न समोर असेल.

## पायरी 3: ससा परत येण्याआधी घर तयार ठेवा

ही तयारी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी करा. भूल उतरत असलेला ससा मांडीवर घेऊन सिरिंज शोधत फिरणं दोघांच्याही हिताचं नाही.

जवळ हवं ते असं: निर्जंतुक 0.9 टक्के सलाईन, 10 किंवा 20 मिलीच्या सुईविना सिरिंज आणि त्यांना बसणारी बोथट मऊ नळी, 1 मिलीच्या सिरिंज खायला घालण्यासाठी, निर्जंतुक गॉझ, ग्लोव्हज, लहान टॉर्च, दोन-तीन जुने टॉवेल, पाच-दहा ग्रॅमचाही फरक दाखवणारा वजनकाटा, थर्मामीटर, सिरिंजने भरवायचं सशांसाठीचं तंतुमय पुनर्भरण खाद्य, आणि एक वही.

जागा लहान आणि सपाट ठेवा. खाली घसरणारी फरशी नको. मऊ आणि कोरडं राहणारं अंथरूण घाला. म्हाताऱ्या सशाला सांधेदुखी असतेच असं धरून चाला: लघवीच्या ट्रेची पुढची कड खाली कापून घ्या आणि पाणी बाटलीत न देता जड, पसरट वाडग्यात द्या, कारण जबडा दुखत असताना बाटली चाटत बसणं त्याला जमत नाही. भुसा किंवा लाकडाचा चुरा वापरू नका. तो उघड्या जखमेत जातो.

तपासा: ससा धडधाकट असतानाच त्याचं वजन आणि तापमान वहीत लिहून ठेवलंय का? सशाचं तापमान साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असतं. 38च्या खाली गेलेला, गारठलेला ससा तापलेल्या सशाइतकाच, किंबहुना जास्त धोक्यात असतो.

## पायरी 4: आधी पोट, मग जखम

घरी आल्यावर सगळ्यांचं लक्ष टाक्यांकडे जातं. ते साहजिक आहे, पण पहिल्या दिवशी बघायचं ते त्याच्या तोंडाकडे आणि शेपटीखाली. जखम काही तास थांबू शकते. थांबलेलं आतडं थांबू शकत नाही.

घरी आल्यापासून चार-सहा तासांत त्याने स्वतःहून काहीच खाल्लं नाही, तर सिरिंजने भरवायला सुरुवात करा. अजिबात खात नसलेल्या सशाला साधारण किलोमागे दिवसाला 50 मिली पुनर्भरण खाद्य लागतं, ते चार-पाच वेळांत विभागून द्यायचं. तुमच्या सशाला नेमकं किती द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सिरिंज पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने सरकवा, एका वेळी अर्धा मिली सोडा, त्याला गिळू द्या, मग पुढचा घास. घाई केलीत तर खाद्य श्वासनलिकेत जातं. ज्या बाजूचा जबडा चिरलाय त्याच्या विरुद्ध बाजूने भरवा.

स्वतः खायला लागला की मऊ, पानं जास्त असलेलं गवत बारीक कापून द्या, पेलेट (सशांचं तयार दाणेदार खाद्य) भिजवून द्या, पाला ओला करूनच द्या. पाणीही पोटात जातं आणि चावायला सोपं पडतं.

रोज एकाच वेळी वजन करा. आठवड्यात पाच टक्क्यांनी वजन उतरलं, म्हणजे दोन किलोच्या सशाचं 100 ग्रॅम, तर डॉक्टरांना कळवा. लेंड्यांचा आकार आणि संख्या लिहा. त्या लहान, वेड्यावाकड्या, विरळ होणं ही आतडं मंदावल्याची पहिली खूण.

सावधान: बारा तास खाणं बंद किंवा लेंडी नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. ही तातडीची वेळ आहे.

## पायरी 5: जखम धुणं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश वाचा. इथे लिहिलंय ते तोंड उघडं ठेवलेल्या जखमेबद्दल. टाके घालून पूर्ण बंद केलेली जखम धुवायची नसते. ती कोरडी ठेवून रोज फक्त बघायची.

1. वेदनाशामक आधी. दुखणारी जागा धुण्याआधी औषधाचा असर सुरू झालेला हवा. औषध किती आधी द्यायचं ते डॉक्टरांना विचारा आणि धुण्याची वेळ त्याप्रमाणे बांधा. उलटं करू नका.

2. सगळं हाताशी मांडा. सलाईन हाताला कोमट लागेल इतकं गरम करा. थंड सलाईनने ससा दचकतो आणि पुढच्या वेळी टॉवेल बघूनच पळतो.

3. ससा धरा. जमिनीवर बसा, टेबलावर नको. टॉवेलमध्ये गुंडाळा, मागचे पाय पोटाखाली घेऊन पार्श्वभाग तुमच्या अंगाला टेकवा. मागचे पाय हवेत सुटले आणि त्याने जोरात लाथ मारली, तर त्याच्याच ताकदीने पाठीचा कणा मोडू शकतो. दुसरं माणूस असेल तर एकाने धरायचं, एकाने धुवायचं. त्याला उताणं करून निपचित पाडू नका. तो शांत झालाय असं वाटतं, पण ती भीतीने आलेली ताठरता असते.

4. खपली भिजवा. तोंडावर खपली धरली असेल तर ओलं गॉझ दोन-तीन मिनिटं टेकवून ठेवा. ती मऊ झाली की अलगद पुसून निघते. कोरडी खपली ओरबाडली तर रक्त येतं आणि नवी वाढणारी त्वचा फाटते. खपली न काढता वरूनच धुतलं, तर आत काहीच पोचत नाही.

5. आतून बाहेर धुवा. नळीचं टोक पोकळीत जेमतेम शिरेल इतकंच ठेवा आणि हलक्या दाबाने सलाईन सोडा. बाहेर येणाऱ्या पाण्याला वाट मोकळी हवी, नळीने तोंड बुजवू नका. पांढरे कण निघत असतील तर ते थांबेपर्यंत धुवा. घट्ट पू चिकटलेला असेल तर गॉझच्या टोकाने उचला, पण भिंत खरवडू नका.

6. आत बघा. टॉर्च लावा. भरत असलेल्या पोकळीचा तळ ओलसर, गडद गुलाबी आणि बारीक दाणेदार दिसतो. हलका स्पर्श झाला तरी रक्ताचा थेंब येतो. हे चांगलं लक्षण आहे, घाबरू नका. तळ फिकट, राखाडी किंवा पिवळसर साय धरल्यासारखा असेल, किंवा काही कडक, पांढरं, हाडासारखं दिसत असेल, तर फोटो काढून त्याच दिवशी डॉक्टरांना पाठवा.

7. भोवतालची कातडी कोरडी करा. केस जखमेत जात असतील तर डॉक्टरांकडून कापून घ्या. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते, घरच्या कात्रीने सहज कापली जाते.

किती वेळा धुवायचं ते जखमेवर ठरतं. सुरुवातीला दिवसातून एकदा-दोनदा, मग पोकळी भरत जाईल तसं कमी. डॉक्टरांनी आत औषधी गॉझ भरलं असेल तर ते स्वतः उपसू नका, बदलायचे दिवस ठरलेले असतात.

सावधान: धुताना पाणी नाकातून किंवा तोंडातून आलं, ससा एकदम शिंकला किंवा गिळायला लागला, तर तिथेच थांबा. पोकळी तोंडाशी किंवा नाकाशी जोडली गेली आहे. पुढे धुतलंत तर पाणी फुफ्फुसात जाईल.

कशाने धुवायचं यावरून घरोघरी वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: वेगळं सांगितलं नसेल तर फक्त सलाईन. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं म्हणून साफ होतंय असं वाटतं, पण नव्याने येणारं मांस त्याने जळतं. स्पिरिटचंही तेच. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक सांगितलं तर ते 0.05 टक्क्यांइतकंच पातळ हवं: 2 टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि उकळून गार केलेल्या पाण्याचे 39 भाग. साबण मिसळलेलं क्लोरहेक्सिडिन चालत नाही, आणि डोळ्याजवळ किंवा कानाजवळ कोणतंच नाही. स्टेरॉइड असलेली मलमं पूर्ण वर्ज्य. ससे स्टेरॉइडला फार नाजूक असतात, आणि लावलेलं मलम तो चाटणारच.

## पायरी 6: औषधं

अँटिबायोटिक सशाला देताना काय द्यायचं याइतकंच काय द्यायचं नाही हे महत्त्वाचं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिन्कोमायसिन ही तोंडाने दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो. पेनिसिलिनही तोंडाने कधीच नाही. तेच पेनिसिलिन कातडीखाली इंजेक्शनने मात्र सशांना दिलं जातं आणि गळवांवर उपयोगी पडतं, म्हणून नाव ऐकून घाबरू नका, कोणत्या मार्गाने देणार ते विचारा. घरात कुत्र्या-मांजरासाठी आणलेलं उरलेलं औषध सशाला देऊ नका.

एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमिथोप्रिम-सल्फा, मेट्रोनिडॅझोल ही सशांमध्ये नेहमीची. उपचार कित्येक आठवडे चालतो. जखम वरून बरी दिसली म्हणून औषध मध्येच बंद करणं हे गळू परत येण्याचं एक मोठं कारण आहे. बाटली संपत आली की चार दिवस आधी पुढची घेऊन ठेवा.

दुखण्यावर मेलॉक्सिकॅम सर्रास वापरतात. म्हाताऱ्या सशाला ते लांबकाळ द्यायचं असेल तर पाणी भरपूर पोटात जायला हवं आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी अधूनमधून हवी. दुखतंय हे कसं ओळखायचं? कोपऱ्यात आखडून बसणं, डोळे अर्धे मिटलेले, गाल चपटे पडलेले, कान मागे घट्ट, आणि दातांचा मोठा, तुटक करकर आवाज. कुरवाळताना येणारा दातांचा बारीक, सलग आवाज सुखाचा असतो. दोन्हींतला फरक दोन दिवसांत कानाला कळतो.

## पायरी 7: माश्या, ओलावा आणि जोडीदार

उघडी जखम आणि ओले केस यांवर माश्या अंडी घालतात आणि दिवसभराच्या आत अळ्या निघू शकतात. सांधे धरलेला म्हातारा ससा मागची बाजू स्वतः साफ करू शकत नाही, म्हणून जखमेबरोबर शेपटीखालचा भागही सकाळ-संध्याकाळ बघा. खिडक्यांना जाळी लावा. अळ्या दिसल्या तर थेट दवाखाना गाठा. फिप्रोनिल असलेलं किडेनाशक सशाला घातक आहे, कुत्र्याचं म्हणून हाताशी आलं तरी वापरू नका.

गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालायची घाई नको. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो, तो त्याच्या आहाराचाच भाग आहे, आणि कॉलर घातली की ते बंद होतं. तो टाके कुरतडतच असेल तर पर्याय डॉक्टरांना विचारा.

जोडीदार ससा असेल तर दोघांना दवाखान्यातही सोबत न्या. वेगळे ठेवलेले ससे परत आल्यावर कधी कधी एकमेकांना ओळखत नाहीत, भांडतात. जोडीदार जखम सारखी चाटत किंवा केस उपटत असेल तर मध्ये जाळी ठेवा, पण वास आणि नजर राहू द्या.

## पायरी 8: भोक कधी मिटू द्यायचं

तळ वर येत जातो, सिरिंजमधून आत जाणारं सलाईन रोज कमी होत जातं. आत किती मिली मावतं ते वहीत लिहा, यापेक्षा चांगलं मोजमाप घरी दुसरं नाही. तोंड आकसतंय पण मावणारं सलाईन तेवढंच राहतंय, याचा अर्थ वरून मिटतंय आणि आत पोकळी आहे. हा आकडा घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. तोंड मोठं करून घ्यावं लागतं, आणि ते लवकर केलं तर बहुतेक वेळा सोपं जातं.

पूर्ण भरल्यावर केस येईपर्यंत रोज, नंतर आठवड्यातून दोनदा तरी दोन्ही जबडे बोटांच्या टोकांनी चाचपा आणि डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करा. दाताचं कारण असेल तर दाढांची तपासणी ठरावीक अंतराने आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

## पायरी 9: तरीही परत आलं तर

पुन्हा ऑपरेशन हा एक मार्ग आहे, एकमेव नाही. खूप म्हातारा, मूत्रपिंड थकलेलं, हाडात खोल शिरलेलं गळू अशा वेळी भोक कायमचं उघडं ठेवून नियमित धुणं, अँटिबायोटिक आणि भरपूर वेदनाशामक यांवर काही ससे बऱ्यापैकी सुखात राहतात. पूर्ण बरं करणं हे ध्येय सोडून रोजचा दिवस चांगला ठेवणं हे ध्येय धरलं, याला हार मानणं म्हणू नये.

मात्र मोजमाप प्रामाणिक हवं. वहीत रोज चार गोष्टींपुढे हो किंवा नाही लिहा: स्वतःहून खाल्लं का, आवडत्या जागी गेला का, अंग स्वच्छ केलं का, जवळ आल्यावर प्रतिसाद दिला का. औषधाचा डोस वाढवूनही "नाही" वाढत गेले, सिरिंजशिवाय खाणंच उरलं नाही, तर शांतपणे निरोप देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. हे बोलणं तो कोसळण्याआधी करा. रात्री-अपरात्री कोण डॉक्टर येतील, आधी झोपेचं इंजेक्शन देतील का, जोडीदाराला नंतर त्याच्याजवळ थोडा वेळ ठेवता येईल का, हे आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर नंबरासकट लिहून ठेवा.